‘काका, नाचाय येत न्हाई’

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



माझ्या तरुणपणी सांगलीत ज्याच्या घरी हार्मोनियम असे, त्याच्याकडे संध्याकाळी चार माणसं जमत. एकानं वाजवायचं, दुसऱ्यानं गायचं, तिसऱ्यानं नावं ठेवायची आणि चौथ्यानं चहा प्यायचा. माझी नेमणूक बहुधा चौथ्या जागेवर असायची. पुढे टेलिफोन खात्यात नोकरी लागली, एक्स्चेंजमधली खटखट ऐकण्यात उमेदीची वर्षं गेली, आणि हे हार्मोनियमवालं घरही कधीतरी विकलं गेलं.

निवृत्तीनंतर मुलानं त्याचा जुना लॅपटॉप मला दिला. बिलं भरायला आणि नातवाचे फोटो बघायला. त्यात संगीत तयार करण्याचा एक प्रोग्रॅम होता. एफएल स्टुडिओ त्याचं नाव, पूर्वी त्याला फ्रूटी लूप्स म्हणत. पडद्यावर एका ओळीत सोळा चौकोन दिसतात. ज्या चौकोनावर बोट ठेवाल तिथे ढोलाचा ठोका पडतो. तीनताल हातावर मोजलेल्या माणसाला सोळा हा आकडा परका नाही. फक्त इथे सोळा चौकोन म्हणजे चारच ठोके, प्रत्येकाचे चार भाग. मी पहिला, पाचवा, नववा आणि तेरावा असे चार चौकोन दाबले आणि लॅपटॉप धम्‌ धम्‌ करत सुटला. त्या दिवशी रात्रीचं जेवण साडेदहाला झालं.

तीन महिने खपून मी एक सात मिनिटांची चीज तयार केली. भूप रागातली. आधी दोन मिनिटं सिंथेसायझरवर आलाप, मग हळूहळू ठेका, मग खालून बेस. वेग मिनिटाला १२० ठोके. घरच्यांना ऐकवली. सौभाग्यवती म्हणाल्या, ‘पोळ्या लाटताना बरं वाटेल.’ मुलगा म्हणाला, ‘छान.’ सून म्हणाली, ‘खूप छान.’ मेहुण्यांनी तर मुंबईला कुणाला तरी पाठवायला सांगितलं. कुणाला, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

आता ‘छान’ हा शब्द मोठा फसवा आहे. लग्नाच्या पंगतीत वाढपी विचारतो, ‘कसं झालंय?’ तेव्हा आपण जे उत्तर देतो, ते हेच. त्यात माया असते, सौजन्य असतं. माहिती मात्र काडीची नसते. तीन महिन्यांत माझं काय चुकलं आणि काय जमलं, हे मला एकाही माणसाकडून कळलं नव्हतं.

आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर एक इलेक्ट्रिकचं दुकान आहे. मालकाचा मुलगा लग्नाच्या हळदीला आणि गणपतीला लावायचे मिक्स स्वतः तयार करतो. आमच्या भागात त्या भिंतीएवढ्या स्पीकरना सरसकट ‘डॉल्बी’ म्हणतात. डॉल्बी ही खरं तर आवाजातली खरखर कमी करण्याच्या तंत्रासाठी प्रसिद्ध झालेली कंपनी. तिच्या नावानं आमच्याकडे खिडक्यांच्या काचा थरथरतात, हा एक काव्यगत न्यायच म्हणायचा. या डॉल्बीबद्दल माझं मत चांगलं नाही आणि ते आजही बदललेलं नाही. पण तो मुलगा गुणी. त्यानंच एकदा मला हटकलं, ‘काका, तुमच्या खिडकीतनं किक ऐकू येते रात्री. काय करताय काय?’

दर रविवारी दुपारी दुकानाच्या माळ्यावर चार-पाच जण जमतात. एक साखर कारखान्यात नोकरीला आहे, एक इंजिनीअरिंगला, आणि फार्मसी शिकणारी एक मुलगी आहे. सगळ्यांत तयार कान तिचा. प्रत्येकानं आपलं नवं काम पेन ड्राइव्हवर आणायचं आणि इतरांनी ऐकायचं. त्यांचे नियम मला फार आवडले. ज्याचं काम वाजतंय त्यानं शेवटपर्यंत तोंड उघडायचं नाही. ‘अजून पूर्ण झालेलं नाही’, ‘हा आवाज बदलणार आहे’ ही आपली नेहमीची पळवाट तिथे बंद. लॅपटॉपचा पडदा खाली करायचा, कारण पडद्यावर पुढे काय येणार ते दिसलं की कान आळशी होतात. आणि आधी कुणातरी मुरलेल्या माणसाचा ट्रॅक वाजवायचा, तो आणि आपला दोन्ही कानाला सारख्याच मोठ्या आवाजात. हे महत्त्वाचं. तीच चीज जरा मोठ्यानं लावली की माणसाला ती अधिक चांगली वाटते. मापात बरोबरी केली नाही, तर कौतुक संगीताचं होतंय की आवाजाच्या बटणाचं, हे कळत नाही.

माझा ट्रॅक वाजला. सात मिनिटं मी पेन ड्राइव्हच्या टोपणाशी खेळत बसलो. संपल्यावर कुणी बोलेना. मग कारखान्यातला म्हणाला, ‘काका, गाणं झकास हाय. पण नाचाय येत न्हाई.’

मुलगी म्हणाली, ‘किक आणि बेस एकमेकांच्या अंगावर बसलेत. ठोका ऐकू येतोय, पण लागत नाही.’ इंजिनीअरिंगवाला म्हणाला, ‘आलाप काढा. डीजेला सुरुवातीला नुसता ठेका लागतो, नाहीतर तो आधीच्या गाण्याला जोडणार कसा?’

मी ‘हो हो’ म्हणालो, चहा घेतला आणि घरी आलो. खरं सांगतो, मला राग आला होता. भूपातला आलाप काढा! ज्यांचे आजोबा माझ्याबरोबर शाळेत होते, ती पोरं मला सांगणार? पुढचे दोन रविवार मी दुकानावरून जायचा रस्तासुद्धा बदलला.

याच काळात माझ्या भाच्याशी फोनवर बोलणं झालं. तो या संगीताचा जुना नादिष्ट. त्यानं मला शिकागोची हकिकत सांगितली. मग मी ती मिळेल तिथून वाचून काढली. श्रोत्यांना ती सांगण्यासारखी आहे.

अमेरिकेत १९७९ नंतर डिस्को संगीताची लाट ओसरली. मोठ्या कंपन्यांनी पाठ फिरवली, पण शिकागोच्या क्लबांत नाचणारी माणसं, बहुतांश कृष्णवर्णीय तरुण, काही नाचायची थांबली नाहीत. डीजेंना नवा माल पुरेना. तेव्हा पोरांनी तो घरी तयार करायला सुरुवात केली. बाजारात पडलेली जपानी यंत्रं त्यांना स्वस्तात मिळाली. रोलँड कंपनीचं टीबी-३०३ हे त्यातलंच एक. १९८१ साली ते बाजारात आलं. एकट्या गिटारवाल्याला साथीला बेस मिळावा, हा त्याचा हेतू. पण त्यातून निघणारा आवाज बेस गिटारसारखा मुळीच नव्हता. यंत्र आपटलं आणि १९८४ साली कंपनीनं ते बंद केलं.

शिकागोच्या स्पँकी नावाच्या तरुणानं असं एक जुनं यंत्र विकत घेतलं. त्याचा मित्र पियर त्याची बटणं पिळत बसला आणि यंत्र किंचाळू, गुरगुरू लागलं. तिसरा मित्र हर्ब जे. तिघांच्या या कंपूचं नाव फ्यूचर. त्यांनी तो आवाज टेपवर घेतला आणि ‘म्युझिक बॉक्स’ या क्लबचा डीजे रॉन हार्डी याच्या हातात दिला. गावातले सगळे होतकरू तेच करत. हार्डीनं टेप लावली की मग जमिनीकडे बघायचं. पाय काय म्हणतात, तोच अभिप्राय.

पहिल्यांदा टेप लागली तेव्हा लोक नाचायचे थांबून बाजूला झाले. हार्डीनं थोड्या वेळानं ती पुन्हा लावली. मग तिसऱ्यांदा. एकाच रात्रीत चार वेळा. पियरनंच ही आठवण मुलाखतींतून सांगितली आहे. चौथ्या वेळी तीच माणसं वेड्यासारखी नाचत होती.

यात मला दोन गोष्टी दिसल्या. एक तर, पहिल्या ऐकण्यात माणसं जे म्हणतात तो शेवटचा निकाल नसतो. कानालाही नव्याची ओळख व्हायला वेळ लागतो. मला ही गोष्ट त्या वेळी अर्थातच फार सोयीची वाटली! पण पुढचा भाग तितका सोयीचा नव्हता. त्या तिघांनी मग मार्शल जेफरसन या आपल्याच गावातल्या संगीतकाराची मदत घेतली. त्यानं त्यांना वेग उतरवायला सांगितला. न्यूयॉर्कच्या लोकांना इतकं जलद चालत नाही, हे त्याचं कारण. पोरांनी ऐकलं. ‘ॲसिड ट्रॅक्स’ या नावानं ती अकरा मिनिटांची तबकडी १९८७ साली निघाली आणि एका अख्ख्या संगीतप्रकाराला त्यावरून ‘ॲसिड हाऊस’ हे नाव मिळालं. किंचाळणारा आवाज त्यांनी कुणाच्या सांगण्यावरून बदलला नाही. वेग बदलला.

हा जेफरसनही मोठा मजेदार माणूस. पोस्टात नोकरीला होता. (खातं जवळचं असल्यामुळे मला जरा अधिकच आपुलकी.) १९८६ सालच्या त्याच्या ‘मूव्ह युवर बॉडी’ या गाण्यात पोस्टातलेच सहकारी गायले आहेत. त्याला पियानो जलद वाजवता येत नसे. म्हणून त्यानं तो संथ वाजवून घेतला आणि यंत्रावर वेग वाढवला. असा माणूस दुसऱ्याला सल्ला देतो तेव्हा त्यात शास्त्र्याचा अधिकार नसतो. स्वतः घरात बसून तेच केलेलं असतं, एवढाच अधिकार. मला वाटतं, तोच खरा उपयोगी.

आपल्याजवळचं उदाहरण गोव्याचं. हणजुणेच्या किनाऱ्यावर रात्र रात्र चालणाऱ्या नाचांत तबकड्या वापरणं अवघड, उन्हात आणि दमट हवेत त्या टिकायच्या नाहीत. म्हणून तिथले डीजे आधी कॅसेटवर आणि पुढे डॅट नावाच्या छोट्या डिजिटल टेपवर संगीत वाजवत. युरोपातले, इस्रायलमधले संगीतकार अजून कुठेही न निघालेलं काम या टेपवर घेऊन यायचे, एकमेकांना द्यायचे आणि पहाटे वाळूवर त्याची परीक्षा बघायचे. १९९० नंतर जगभर ‘गोवा ट्रान्स’ म्हणून जे ओळखलं गेलं, ते अशा देवघेवीतून घडत गेलं. गावकऱ्यांची झोप गेली ती वेगळी.

पण भाच्यानं सांगितलेली तिसरी हकिकत मनात घर करून बसली. ती मुंबईची आहे.

चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदातले नावाजलेले वादक. नव्या वाद्यांची त्यांना हौस. टीबी-३०३ बाजारात आलं, त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांनी ते घेतलं. जोडीला त्याच कंपनीचं तालयंत्र टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर. ही तीन यंत्रं एकमेकांना जोडून त्यांनी १९८२ साली दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. भैरव, ललत, तोडी, यमन, मालकंस वगैरे. ३०३ या यंत्रात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे. शिकागोच्या पोरांना त्यातून किंकाळी सापडली. सिंगांना मींड सापडली, आणि तीही पाच वर्षं आधी. ही तबकडी ऐकताना आजही विश्वास बसत नाही. परदेशात पुढे काहींना ती कुणीतरी केलेली थट्टाच वाटली होती.

तबकडी फारशी खपली नाही. त्याचं मला विशेष वाटत नाही, पुष्कळ चांगल्या गोष्टी खपत नाहीत. मला लागून राहिलं ते दुसरंच. त्या वेळी मुंबईत, किंवा कुठेही, या तीन यंत्रांवर असलं काही करणारा दुसरा माणूस त्यांना भेटल्याचं माझ्या वाचनात आलं नाही. वादक मित्र पुष्कळ, रागदारी जाणणारे पुष्कळ. पण ‘ललत ठीक आहे, पण याच अंगानं तोडी जरा लांबवा’ असं म्हणणारा, ते ऐकून घरी जाऊन स्वतःचं काहीतरी करून आणणारा आणि त्यांना ‘हे कसं झालंय’ म्हणून विचारणारा समव्यवसायी बहुधा नसावा. त्यांनी तो प्रयोग एकदा केला आणि ते आपल्या नेहमीच्या कामाकडे वळले. एका डच संग्राहकाला २००२ साली ती तबकडी दिल्लीत सापडली, २०१० साली त्यानं ती पुन्हा काढली आणि मग जगानं कान टवकारले. उतारवयात सिंगांनी युरोपात जाऊन ते राग वाजवले. २०१५ साली ते गेले. हे कौतुक त्यांच्या हयातीत झालं, हे चांगलंच. पण १९८२ साली अंधेरी-दादरच्या कुठल्याशा माळ्यावर दर रविवारी जमणारी चार पोरं त्यांना मिळाली असती, तर दुसरी, तिसरी तबकडी कशी झाली असती, असं माझ्या मनात येतं.

आणि मी तर माझा रस्ता बदलून फिरत होतो.

तिसऱ्या रविवारी माळ्यावर गेलो. कुणी ‘कुठं होता’ म्हणून विचारलं नाही. मुलीला म्हटलं, ‘अंगावर बसलेत म्हणजे काय, ते नीट सांग.’ तिनं माझाच ट्रॅक मोठ्या स्पीकरवर लावला आणि आधी नुसती किक, मग नुसता बेस, मग दोन्ही ऐकवलं. किकचा जोर असतो साधारण ५०-६० हर्ट्‌झच्या आसपास. माझ्या बेसचा षड्ज नेमका तिथेच येऊन बसला होता. लॅपटॉपच्या छोट्या स्पीकरमधून इतका खालचा आवाज येतच नाही, म्हणून मी तीन महिने तो वाढवत गेलो होतो. मोठ्या स्पीकरवर त्याचा नुसता चिखल झाला होता. एक्स्चेंजमध्ये एका लाइनवर दोन संभाषणं घुसली की आम्ही रात्री-अपरात्री धावायचो. इथे मी स्वतःच क्रॉस कनेक्शन करून ठेवलं होतं.

उपाय तिनंच दाखवला. त्याला साइडचेन म्हणतात. किकचा ठोका पडला की तेवढ्या क्षणापुरता बेस आपोआप दबतो आणि लगेच वर येतो. श्रोत्यांना हे रोज ऐकायला मिळतं: इथे निवेदक बोलू लागला की मागचं संगीत खाली जातं, तो थांबला की वर येतं. तेच काम, मिनिटाला एकशे वीस वेळा. ते केल्याबरोबर ठोका छातीत लागला. कारखान्यातल्या पोरानं बसल्याबसल्या मान हलवली. तीन महिन्यांतल्या सगळ्या ‘छान’पेक्षा ती मान मला मोलाची वाटली.

आलापाचं मात्र मी ऐकलं नाही. म्हणजे पूर्ण ऐकलं नाही. घरी बसून विचार केला तेव्हा ध्यानात आलं, की आलापापाशी ट्रॅक दुखतोय हे त्या पोरानं बरोबर ओळखलं होतं. त्यानं सुचवलेलं औषध मात्र डीजेच्या सोयीचं होतं. दुखणं आलापाच्या लांबीचं नव्हतंच. दोन मिनिटं ऐकणाऱ्याला पुढे ठेका येणार आहे याचा पत्ताच नव्हता, म्हणून त्याचे पाय झोपी जात. मी आलापाखाली अगदी लांबून, रस्त्यापलीकडून यावी तशी बारीक झांज सुरू केली आणि ती हळूहळू जवळ आणली. डीजेसाठी सोळा आवर्तनं, म्हणजे बत्तीस सेकंद, नुसत्या ठेक्याची वेगळी प्रत करून दिली. इंजिनीअरिंगवाला म्हणाला, ‘हे चालेल. पण मी असतो तर आलाप काढलाच असता.’ म्हटलं, ‘तू तुझ्यातला काढ.’

गेल्या मार्गशीर्षात एका हळदीला त्या पोरानं ती प्रत लावली. मी मांडवाबाहेर स्कूटरजवळ उभा होतो. पहिली दोन मिनिटं बायका बोलत राहिल्या आणि माझ्या पोटात गोळा आला. मग नवरदेवाच्या आत्यानं हळदीचे हात तसेच वर धरून पाय उचलला. तिच्यामागे दोन लहान मुलं. एवढंच. पुढचं गाणं लागल्यावर सगळा मांडव उठला, ते गाणं माझं नव्हतं. पण त्या आत्या मला अजून दिसतात.

आता माझीही पाळी येते. बोलण्याची. आणि श्रोतेहो, ते ऐकण्याहून कितीतरी अवघड आहे. परवाच्या रविवारी कारखान्यातल्या मुलानं नवं काम आणलं. रात्रपाळ्या करून केलेलं. डोळे तांबारलेले. वाजून संपलं. माझ्या तोंडात ‘छान’ हा शब्द अगदी तयार होता. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, ‘काका, खरं सांगा.’

मी म्हटलं, ‘चौथ्या मिनिटापर्यंत मी तुझ्याबरोबर होतो. नंतर घड्याळ बघितलं.’

तो काही बोलला नाही. खाली बघत राहिला. मला वाटलं, आता हाही दोन रविवार येणार नाही. मग त्यानं लॅपटॉपचा पडदा वर केला, चौथ्या मिनिटावर बोट ठेवलं आणि विचारलं, ‘इथं?’

‘थोडं अलीकडे,’ मी म्हटलं. त्यानं टाळीचा आवाज बंद केला आणि पुन्हा लावलं.